शांतिब्रह्म नाथांनी मांडलेला रागाचा हिशेब

संतमंडळींपैकी एकेकाला लोकांनी प्रेमाने एकेक नाव देऊन ठेवले आहे. ज्ञानोबाराय माउली झाले, तुकोबाराय जगद्‌गुरू झाले, आणि पैठणच्या एकनाथमहाराजांस लोक शांतिब्रह्म म्हणू लागले. नाव गोड आहे यात शंका नाही. पण आमच्या मते या नावाने नाथांवर थोडा अन्यायही झाला आहे. शांतिब्रह्म म्हटले की डोळ्यांपुढे एक मऊ, भिडस्त, कुणी काही बोलले तरी मान खाली घालणारा गृहस्थ उभा राहतो. आणि एकदा तसा तो उभा राहिला की आपण मोकळे! ते नाथ होते बाबा, त्यांना रागच येत नसे, आपण पडलो संसारी माणसे, असे म्हणत आपण कीर्तनातून घरी येतो आणि आमटीत मीठ जास्त पडले म्हणून ताट सरकवतो.

वाचकहो, नाथ तरी कोण होते? संसारीच होते. घरात गिरिजाबाई, एक मुलगा, दोन मुली, पाहुणारावळा, दारात रोज पंगत. गावात हितशत्रू, आणि पुढे घरातच विरोध. रागवायला जेवढी कारणे तुम्हां-आम्हांस आहेत, त्याहून दोन अधिकच त्यांस होती. मग तो राग गेला कुठे, याचा शोध त्यांच्या चरित्रातून घ्यावा, असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. चरित्राचा बराचसा भाग परंपरेने आलेला आहे. महिपतीबुवांनी भक्तलीलामृत १७७४ मध्ये पुरे केले, म्हणजे नाथांनंतर पावणेदोनशे वर्षांनी. तेव्हा कथा म्हणून ज्या सांगतात त्या कथा म्हणूनच आम्ही सांगू. नाथांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे, त्याची गोष्ट वेगळी. ते पक्के आहे.

शके १४५५, म्हणजे इ. स. १५३३ च्या सुमारास पैठणास नाथांचा जन्म झाला. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली म्हणून ज्यांची कीर्ती आहे, ते भानुदासमहाराज नाथांचे पणजोबा. आईवडील, रुक्मिणी आणि सूर्यनारायण, मूल लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी पोर वाढवले. आईबापांवेगळे पोर एक तर रडवे होते नाही तर हट्टी होते, असे म्हातारी माणसे म्हणतात. हे पोर शोधक झाले. बारा वर्षांच्या आतबाहेर असताना ते घरी न सांगता निघाले आणि थेट देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायाशी जाऊन बसले. जनार्दनपंत हे निजामशाहीतले किल्लेदार. म्हणजे नाथांचे गुरुकुल हे काही रानातली पर्णकुटी नव्हती. तिथे तोफा होत्या, पहारे होते, शिबंदी होती, जमाखर्चाची दप्तरे होती. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि चरित्र सांगताना ती बहुधा घाईने उरकली जाते.

देवगिरीच्या दोन कथा सर्वांस ठाऊक आहेत. एक लढाईची. स्वामी ध्यानात बसलेले असताना शत्रू किल्ल्यावर चालून आला. गुरूंची समाधी मोडू नये म्हणून नाथांनी त्यांचेच चिलखत अंगावर चढवले, त्यांच्याच घोड्यावर बसले आणि काही घटका लढून शत्रूला परतवले. मग चिलखत होते तिथे खुंटीला अडकवले, आणि स्वामी उठले तरी त्या गोष्टीचा उच्चारसुद्धा केला नाही. कथा खरी धरली तर तिच्यातून एक गोष्ट निघते. नाथांना लढता येत होते. ज्याला हात उगारताच येत नाही त्याने हात आवरला म्हणून कौतुक कसले? हात उगारण्याची ताकद असलेला माणूस पुढे आयुष्यभर हात आवरून राहिला, तेव्हाच त्याच्या शांतीला किंमत आली.

दुसरी कथा हिशेबाची. स्वामींनी नाथांकडे जमाखर्च सोपवला होता. एके दिवशी ताळा जुळेना. एका पैची चूक राहत होती. (पै म्हणा की त्या काळचे दुसरे कुठले बारके नाणे म्हणा, चूक चूकच.) रात्र झाली, सगळे निजले, नाथ दिव्यापाशी बसून राहिले. एकेक रकम काढायची, पडताळायची, ही बरोबर आहे म्हणून बाजूला ठेवायची, मग दुसरी. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, आणि एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद तर संसाराची मूळ चूक सापडली तर केवढा होईल, असे त्यांनी सुचवले, असे सांगतात. ही कथा सांगून आम्ही पुढे जातो. पण ती रात्र, तो दिवा, आणि एकेक रकम बाजूला ठेवण्याची ती रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

पुढे गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली, गिरिजाबाईंशी लग्न झाले, आणि पैठणास नाथांचा संसार सुरू झाला. पहाटे गोदास्नान, पूजा, भागवताचे वाचन, दुपारी अन्नदान, रात्री हरिकीर्तन. अशा माणसाचे कुणाशी वाकडे असायला नको. पण गावात असे असून चालत नाही. चांगल्या माणसाच्या चांगुलपणाचाच काही जणांस राग येतो. त्याला आपण काय करणार?

थुंकण्याची कथा लहान मुलांनाही येते. नाथ स्नान करून घाटाच्या वाटेने यायचे, आणि वाटेवरच्या माडीत बसलेला एक यवन त्यांच्या अंगावर पान खाऊन थुंकायचा. नाथ माघारी फिरायचे, पुन्हा स्नान करायचे, पुन्हा यायचे. एके दिवशी म्हणे हे एकशे आठ वेळा झाले. शेवटी थुंकणाराच शरमला आणि पायांवर आला. नाथांनी मात्र तुझ्यामुळे आज गोदामाईची एवढी स्नाने घडली म्हणून त्याचेच उपकार मानले.

एकशे आठ हा आकडा भक्तिभावाचा आहे हे आम्ही जाणतो. चार वेळा झाले असेल तरी कथेचे काही बिघडत नाही. आम्हांस या कथेत घाट दिसतो. अंगावर पिंक पडली की पहिला विचार वर माडीकडे जातो, माणूस मान वर करतो, डोळ्याला डोळा भिडतो, आणि तिथून पुढचे सगळे आपल्या हाताबाहेर जाते. नाथांनी मान वर केली नाही, पावले नदीकडे वळवली. पायऱ्या उतरणे, गार पाण्यात बुडी, पुन्हा पायऱ्या चढणे. राग येतो तेव्हा छाती धडधडते, श्वास वर लागतो, रक्त तापते, हे आज डॉक्टरही सांगतात. ही तापलेली वेळ फार मोठी नसते, पण तेवढ्यात माणूस आयुष्याचे नुकसान करून बसतो. ती वेळ नाथांनी पाण्यात घालवली. राग आला की जागा सोडावी, हात-पाय धुवावेत, पाणी प्यावे, असे आपल्या आज्या सांगत आल्या ते काही उगीच नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. ही कथा सांगताना यवन या शब्दावर जोर देऊन वेगळाच रस आणणारे काही वक्ते आम्ही ऐकले आहेत. त्यांनी पुढची कथाही तेवढ्याच जोराने सांगावी, कारण त्या कथेतला छळणारा ब्राह्मण आहे आणि त्याला पाठवणारे पैठणचेच लोक आहेत.

पैठणात एक ओटा होता, त्याला कुचरओटा म्हणत. रिकामटेकडी मंडळी तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याची कुचाळी करीत. एकदा एक गरीब ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी पैसे मागत तिथे आला. ओट्यावरच्यांनी अट घातली, की नाथांना राग आणून दाखव आणि दोनशे रुपये घेऊन जा. तो बिचारा गरजू. पाय न धुता नाथांच्या देवघरात घुसला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ हसले. भेटायला पुष्कळ येतात पण एवढ्या आवडीने कुणी आले नव्हते, असे म्हणून त्यांनी त्याला जेवायला ठेवून घेतले. पंगतीत गिरिजाबाई वाढायला वाकल्या तशी त्याने त्यांच्या पाठीवर उडी मारली. पाहुणा पडेल हो, सांभाळा, एवढेच नाथ बोलले. आणि बाईंनीही मुलाला पाठीवर घेऊन कामे करण्याची सवय आहे, पडू देणार नाही, असे उत्तर दिले.

इथे क्षणभर थांबू या. कीर्तनात या ठिकाणी हशा पिकतो आणि जयजयकार होतो तो नाथांचा. पण पाठ कुणाची होती? दिवसभर चुलीपाशी राबलेली, शंभर पाने वाढून वाकलेली ती पाठ गिरिजाबाईंची होती. घरातल्या यजमानाने शांत राहायचे आणि त्या शांतीचा भार बाईने वाहायचा, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. बाहेर मोठी विनम्र, कपाळी बुक्का, गोड वाणी, आणि आतल्या खोलीत बायकोने दबून असायचे. नाथांच्या घरी तसे नव्हते याची खूण त्या बाईंच्या उत्तरात आहे. दबलेल्या माणसाला विनोद सुचत नाही. त्यांचे उत्तर मोकळ्या माणसाचे आहे. शांतिब्रह्म ही पदवी त्या घरात दोघांची होती, एवढे तरी आपण म्हणावे.

कथेचा शेवट तर विलक्षण आहे. ब्राह्मण हरला आणि रडू लागला. दोनशे रुपये बुडाले! नाथांना कारण कळले तेव्हा ते हळहळले. आधी सांगितले असते तर रागावून दाखवले असते, म्हणजे तुझे काम झाले असते, असे ते म्हणाले. आता पाहा, राग म्हणजे नाथांना कधी न भेटलेली वस्तू असती तर त्यांनी ती काढून दाखवायची भाषा केली नसती. ती त्यांच्या घरात होती, पण कोठीत होती. किल्ली नाथांपाशी होती. आपल्याकडे वस्तू तीच आहे, फक्त किल्ली कुचरओट्यावर टांगलेली आहे. कुणीही यावे आणि उघडावे.

आता कुणी विचारील, आणि विचारावेच, की असे सगळेच सोसत गेले तर जगात अन्याय माजणार नाही का? थुंकणारे थुंकत राहतील. प्रश्न खरा आहे. याचे उत्तर गोदेच्या वाळवंटात आहे.

भर दुपारची वेळ. वाळू तापून लाल झालेली. ज्यांची सावलीसुद्धा त्या काळी वर्ज्य मानीत, त्या महारवाड्यातले एक लहानगे मूल आईपासून चुकून वाळूत पोळत रडत होते. घाटावर माणसे होती, पण विटाळ होईल म्हणून कुणी पुढे होईना. नाथ गेले, मूल कडेवर घेतले, त्याचा शेंबूड, लाळ पुसली आणि त्याला त्याच्या घरी नेऊन पोचवले. दुसरा प्रसंग श्राद्धाचा. पितरांसाठी शिजवलेल्या अन्नाचा वास आला म्हणून वाटेने जाणाऱ्या अंत्यजांच्या लेकरांनी तोंडाला पाणी सुटल्याचे बोलून दाखवले. नाथांनी ते ऐकले आणि ब्राह्मण जेवायच्या आधीच सगळे अन्न त्या मंडळींना बसवून वाढले. गिरिजाबाई यातही बरोबरीने होत्या. मग काय! गावातले ब्राह्मण खवळले. वाळीत टाकण्याची भाषा झाली. प्रायश्चित्त घ्या म्हणाले.

नाथांनी प्रायश्चित्त घेतले. भांडले नाहीत, कुणाला शाप दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तसे वागायचे सोडले, असे कुठल्याही चरित्रकाराने सांगितलेले नाही. आम्हांस नाथांचे वळण इथे स्पष्ट दिसते. स्वतःच्या अंगावर पिंक पडली तर त्यांना घाई नव्हती, कितीही वेळ होता. दुसऱ्याचे लेकरू वाळूत पोळत असेल तर मात्र एक क्षणही थांबायला ते तयार नव्हते. आपले बरोबर उलटे असते. आपल्याला कुणी अरे म्हटले की आपण तापतो, आणि दुसऱ्याला कुणी लाथ मारली तर आपण मोठे शांतिब्रह्म होतो! वारीच्या वाटेवर पाण्याच्या टँकरपाशी हंडा मागेपुढे झाला म्हणून टाळकऱ्यांनी एकमेकांच्या अंगावर धावून जाणे आम्ही पाहिले आहे. त्याच टँकरपाशी एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन तासभर उभी होती, तिच्यासाठी कुणाचा आवाज चढला नाही.

आता नाथांच्या हातचे जे पक्के आहे तिकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती पैठणास सुरू झाली आणि शके १४९५, म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीत पुरी झाली. एकतीस अध्याय, अठरा हजारांवर ओव्या. वाराणसीत का? परंपरा सांगते की पहिले काही अध्याय काशीस पोचले आणि तिथले पंडित संतापले, की भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात! नाथांना बोलावणे आले. नाथ गेले आणि ज्यांचा राग होता त्यांच्याच गावात बसून उरलेला ग्रंथ त्यांनी लिहून काढला. शेवटी त्याच पंडितांनी ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक काढली, असे सांगतात.

या ग्रंथाचा तेविसावा अध्याय ज्यांनी वाचला नसेल त्यांनी आवर्जून वाचावा. तो सबंध अध्यायच रागाचा आहे. अवंती नगरीतला एक ब्राह्मण. पैसा अमाप, पण कवडीचुंबक. मूळ भागवतच सांगते की तो भारी रागीटही होता. पुढे त्याचा सगळा पैसा गेला. काही नातलगांनी नेला, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. घरच्यांनी हाकलले. मग त्याला वैराग्य आले आणि तो भिक्षू झाला. पण गाव विसरते होय? तो भिक्षेला आला की लोक त्याचा कमंडलू पळवीत, माळ ओढीत, वस्तू परत देतो म्हणून पुढे करीत आणि पुन्हा हिसकावीत. नदीकाठी जेवायला बसला तर अन्नात घाण करीत, डोक्यावर थुंकत. मौन धरले तर बोलावे म्हणून मारीत. दोरीने बांधीत.

आणि हा भिक्षू, जो पूर्वी एका दमडीसाठी अंगावर धावून जात असे, तो काय करतो? तो हिशेबाला बसतो. माझ्या दुःखाचे कारण कोण? एकेक रकम काढतो. ही माणसे? नव्हेत, बाजूला ठेव. देवता? नव्हेत. आत्मा? तोही नव्हे. ग्रह? नव्हेत. कर्म? नव्हे. काळ? नव्हे. सहाही रकमा पडताळून झाल्या, ताळा जुळेना. शेवटी चूक सापडते ती मनात. मनच सुखदुःखाचे चाक फिरवते आहे. त्याच ओघात मूळ ग्रंथात एक दृष्टान्त येतो, तो आम्हांस फार आवडतो. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर माणूस कुणावर रागावतो? दात उपटून टाकतो काय?

देवगिरीवर रात्रभर दिव्यापाशी बसून ज्याने एका पैची चूक शोधली, त्याने हा अध्याय लिहिताना काय अनुभवले असेल! विशेष हे की तो भिक्षू राग गिळत नाही, आणि ओकतही नाही. राग गिळला की तो आत कुजतो आणि भलत्याच वेळी, भलत्याच माणसावर बाहेर पडतो. कचेरीत साहेबाचा गिळलेला राग संध्याकाळी पोराच्या पाठीवर उमटतो, हे कोणत्या घराला ठाऊक नाही? ओकून टाकला की हलके वाटते असा एक समज आहे. आदळआपट करावी, उशीवर बुक्क्या माराव्यात, म्हणजे राग निघून जातो म्हणतात. अलीकडे अभ्यासकांनी हे तपासून पाहिले, तर आदळआपटीने राग उतरत नाही, असेच त्यांस आढळले. आगीवर फुंकर मारली तर ती विझायची कशी? भिक्षूची रीत तिसरी आहे. तो रागाला समोर बसवतो आणि त्याची चौकशी करतो. चौकशी सुरू झाली की राग बराचसा ओसरतो, कारण चौकशीला थंड डोके लागते आणि रागाला ते परवडत नाही.

पण अठरा हजार ओव्या कोण वाचणार? शेतावरचा गडी, जात्यावरची बाई, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी नाथांनी भारुडे केली. विंचवाचे भारूड आजही गावोगाव लोक सोंग घेऊन करतात. काम आणि क्रोध हा तो विंचू. तो डसला की अंगाला घाम फुटतो, जीव घाबरा होतो, वेदना सर्वांगात चढत जाते. ज्याला कधी विंचू चावला आहे त्याला राग म्हणजे काय हे दुसरे समजावून सांगावे लागत नाही. उतारा सत्त्वगुणाचा. आणि विंचवाचा उतारा उद्या करून भागत नाही हेही शेतकऱ्याला ठाऊक असते.

रोडग्याचे भारूड त्याहून गमतीचे. सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते, की माझा सासरा, माझी सासू, जाऊ, नणंद, दादला सगळे दूर कर, मला एकटी राहू दे, तुला रोडगा वाहीन. जाणते लोक सांगतात की ही सासू-नणंद म्हणजे देहातले विकार. सांगोत बापडे, ते खरेच आहे. पण हे भारूड उभे राहते तेव्हा मांडवातल्या बायका ज्या मोकळेपणाने हसतात ते आम्ही पाहिले आहे, आणि ते हसणे विकारांसाठी नसते. वर्षभर दाताखाली धरलेले काहीतरी त्या हसण्याबरोबर बाहेर पडते, आणि कुणाचे वाईट न करता पडते. नाथ चार घरे ओळखून असलेले गृहस्थ होते. घुसमटलेल्या रागाला हसण्याचे दार काढून द्यावे लागते हे त्यांस कळत होते.

आणि तो हिंदू-तुर्क संवाद! एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर येतात, एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात, तावातावाने भांडतात. नाथ त्यांना मध्ये थांबवत नाहीत, दोघांनाही पुरते बोलू देतात. बोलता बोलता दोघांच्या ध्यानी येते की बोलतो आहोत ते एकाच देवाबद्दल, आणि भांडण मिठीने संपते. निजामशाहीच्या मुलखात राहून, चारशे वर्षांपूर्वी, एका ब्राह्मणाने हे लिहिले. माडीवरून थुंकणाऱ्याच्या कथेशेजारी हा संवाद ठेवून वाचावा.

शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली, हे त्यांचे थोर कार्य. त्यावर लिहायचे तर स्वतंत्र लेख हवा. आम्हांस आता घराकडे जायचे आहे, कारण रागाची खरी परीक्षा घरात होते. परक्याने थुंकले तर नदी जवळ असते. पोटचा मुलगा उलटला तर जायचे कुठे?

नाथांचा मुलगा हरिपंडित. संस्कृताचा मोठा जाणकार. त्याला बापाचे काहीच पटेना. प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, घरात कुणालाही घेतात. चार पंडितांत मान खाली जाते. शेवटी रागावून तो पैठण सोडून काशीस निघून गेला. लेकाच्या पाठीवर बाप काही बोलल्याचे चरित्रात नाही. थोड्या काळाने नाथ स्वतः काशीस गेले. मुलाने अट घातली, की प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, तर येतो. वाचकहो, काय मागितले पाहा! ज्या प्राकृतासाठी याच काशीत नाथांनी पंडितांचा रोष पत्करला होता, तेच सोडायला पोटचा मुलगा सांगत होता. इथे कुणीही बाप तापला असता. नाथांनी अट मान्य केली.

हे आम्हांस बरेच दिवस कळत नसे. तत्त्वासाठी जगाशी उभा राहणारा माणूस मुलापुढे असा नमतो कसा? आता वाटते की नाथांनी वादात जिंकण्यापेक्षा मुलगा घरी असणे अधिक मोलाचे मानले. घरी असला तर डोळ्यांनी पाहील. काशीत असला तर नुसता रागच वाढवीत बसेल.

पैठणास पुराण हरिपंडित सांगू लागले, संस्कृतातून. श्रोते रोडावत गेले. नाथ मात्र रोज पुढे बसून ऐकत. मग ती प्रसिद्ध कथा घडली. एका बाईने सहस्र ब्राह्मणभोजनाचा नवस केला होता, पण तिला आता एकाहून अधिक पान वाढण्याची ऐपत नव्हती. तिने नाथांना बोलावले. मुलाच्या संमतीने नाथ गेले, स्वयंपाक मुलाने स्वतः केला. जेवण झाल्यावर हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले, तर एक उचलावी की खाली दुसरी, दुसरी उचलावी की तिसरी. अशा हजार निघाल्या म्हणतात. हजार पत्रावळींचा चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. आमचे लक्ष मुलाच्या वाकण्याकडे आहे. ज्याने घर सोडले होते तो पंडित बापाचे उष्टे उचलायला वाकला होता, आणि वाकता वाकता त्याचा अभिमान उतरला. तो पायांवर आला. अटी सुटल्या, आणि नाथांच्या वाड्यात प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले. आम्ही तुला सांगत होतो, असे नाथ त्याला म्हणाल्याचे कुठे नाही. जिंकल्यावर हे वाक्य गिळता येणे फार अवघड असते.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या दिवसाला आपण नाथषष्ठी म्हणतो. मागे राहिलेल्या हरिपंडितांनी, असे सांगतात, वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून दरवर्षी आषाढीस पैठणहून पंढरपुरास नेण्याचा प्रघात घातला. रागाने काशीची वाट धरलेली पावले त्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालू लागली. ती पालखी आजही निघते.